उत्तरांची पानं

उत्तरांची पानं ह्रानुशबाईंनी आधीच जाळली होती.
त्या हिवाळ्यात ग्युम्रीत वीज तासाभराची पाहुणी,
आणि लाकूड मिळालं तर मिळालं.
पुस्तकाची शेवटची अठरा पानं
एकेक सुटी करून शेगडीत.
"यावर फार तर चहा होईल," त्या म्हणाल्या.
"रीत जळत नाही. ती तुम्हीच काढायचीय."

आम्ही सातजण, पत्र्याच्या डब्यात.
भूकंपानंतर शहरभर असे डबे,
कुणी माल उतरवून न्यायला विसरल्यासारखे.
पत्रा हाच फळा.
आमच्या श्वासांनी तो ओला व्हायचा,
खालची ओळ लिहून होईस्तोवर वरची ओघळायची.
मागची पायरी मग डोक्यातच ठेवायची,
हातच्यासारखी.

वार्दगेस घाईचा.
क्षचा वर्ग बरोबर पाच क्ष.
दोन्हीकडे क्षने भागलं, क्ष बरोबर पाच,
आणि खडू ठेवून जागेवर बसलाही.
"एक हरवला," बाई म्हणाल्या.
"कोण?"
"शून्य.
ज्याने भागतोस तो शून्य तर नाही ना, हे आधी बघावं.
सगळं एका बाजूला आण. क्ष बाहेर काढ."
दोघं निघाले.
वार्दगेसने शून्य लिहिलं, पाचापेक्षा मोठं,
रागाने.

मग शोघिक.
कोणतीही संख्या घ्या, तिचा घन करा,
त्यातून तीच संख्या वजा करा,
उरेल त्याला सहाने भाग जातो. का?
आठातून दोन गेले, सहा.
एकशे पंचवीसातून पाच गेले, एकशे वीस.
सातही करून पाहिले तिने, बोटं फुंकत.
"सातशे उदाहरणं दे,
सिद्धता एकही झाली नाही."
अवयव पाड.
आधीची, ती स्वतः, नंतरची:
भिंतीला भिंत लावून तिघी.
लागोपाठच्या दोघींत एक सम असतेच,
लागोपाठच्या तिघींत एक तीनच्या पाढ्यातली.
कोणती, ते विचारायचं नाही.
असते.
शोघिकने लिहिलं, आणि खडू हातात धरून उभीच राहिली,
तिघींकडे बघत,
चहा आला तरी.

माझ्या वाट्याला सीमा.
वर क्षचा वर्ग वजा नऊ, खाली क्ष वजा तीन,
आणि क्ष निघालाय तीनकडे.
मी तीन ठेवले. वर शून्य, खाली शून्य.
"उत्तर नाही," मी म्हणालो.
"तीनवर कुणी जायला सांगितलं? जवळ जा."
दोन दशांश नऊ. पाच दशांश नऊ आले.
दोन दशांश नऊ नऊ. पाच दशांश नऊ नऊ.
पलीकडून, तीन दशांश शून्य एक:
सहा दशांश शून्य एक.
"आता सारखा अवयव काट.
आता चालतं. तू तीन नाहीस, तिनाजवळ आहेस."
राहिलं क्ष अधिक तीन.
सहा.

त्यांनी आलेख काढला. सरळ रेघ,
आणि सहाच्या उंचीवर एक पोकळ टिकली.
"इथे कुणी नाही," त्या म्हणाल्या.
"पण दोन्हीकडून येणारे इथेच येत होते.
तेवढं म्हणता येतं. तेवढंच म्हणा."
टिकलीतून एक थेंब खाली उतरला
आणि जमिनीपर्यंत पांढरा गेला.

परतताना बर्फावर राख टाकलेली, तिच्यावरून चालत होतो.
शोघिक म्हणाली,
"आमचं जुनं घर सोळा नंबर.
पोस्टमन अजून चौदापाशी थांबतो,
मग अठरापाशी."
"आणि मध्ये?"
"मध्ये काय.
मध्ये जरा हळू चालतो."